नातवंडांची नावं

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर गेले तेव्हा, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी, त्यांच्यावरच्या लेखांचा पाऊस पडला आणि जवळजवळ प्रत्येकात एक किस्सा होताच. कॅम्प डेव्हिडला कार्टरनी घडवून आणलेल्या इजिप्त-इस्राएल बोलणीचा शेवटचा दिवस, १७ सप्टेंबर १९७८, रविवार. बोलणी फिसकटल्यात जमा. इस्राएलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन जेरुसलेमच्या मुद्द्यावरून भयंकर चिडलेले. त्यांनी आधी कधीतरी नातवंडांसाठी तिघा नेत्यांचे फोटो सह्या करून मागितले होते, इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी सही करून टाकलेली, कार्टरची तेवढी राहिली होती. कार्टरच्या सेक्रेटरी सुझन क्लफ, त्यांनी खटपट करून आठ नातवंडांची नावं मिळवली. कार्टरनी प्रत्येक फोटोवर एकेका पोराचं नाव घालून सही केली आणि तो गठ्ठा घेऊन स्वतः बेगिनच्या केबिनवर गेले. बेगिननी कोरडेपणाने थँक्यू म्हटलं, मग वरच्या फोटोवरचं नाव दिसलं, मग खालचं, असं एकेक नाव ते मोठ्यानं वाचत गेले आणि वाचता वाचता ओठ थरथरायला लागले, डोळे भरून आले. मग दोघे नातवंडांबद्दल बोलले, युद्धाबद्दल बोलले. थोड्याच वेळात बेगिन तयार झाले. त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये सह्या.

गोड आहे. पण मला तो किस्सा पचेना.

म्हणजे असं की नावं कळण्यासाठी कुणालातरी फोनाफोनी करावी लागली होती ना. नेमकं कुठे बोट ठेवलं की या माणसाच्या डोळ्यात पाणी येईल हे माहीत असलेल्या लोकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ज्या माणसाचे आईवडील आणि भाऊ नाझींनी मारले, त्याच्यासमोर पुढच्या पिढीची नावं आणून ठेवायची, तीही तुमचा करार अडलेला असताना. ही माया म्हणायची की कावा? आमच्या घरी मी हे बोलले तर आई म्हणाली, त्यात काय एवढं, कामासाठी जाताना माणूस पोरांसाठी खाऊ नेतोच की. बरोबर आहे. पण खाऊ नेणाऱ्या माणसाबद्दल आपण मागून काय बोलतो तेही तिला माहितीये.

मग मी वाचत सुटले, रात्री जेवणं उरकली की मोबाइल घेऊन बसायचं, आणि कळलं की कार्टर तिथे काही मोकळ्या मनाने गेलेच नव्हते, ते पूर्ण अभ्यास करून गेले होते. ऑगस्टमध्ये वायोमिंगच्या डोंगरात सुट्टीवर असताना मासे पकडायच्या मधल्या वेळात त्यांनी सीआयएने तयार केलेली बेगिन आणि सादात यांची मानसशास्त्रीय टिपणं वाचली. माणूस कुठे वाढला, कशाने दुखावतो, दबाव आला की काय करतो, शब्द कसे वापरतो, हे सगळं. सीआयएत यासाठी वेगळी टीमच होती, मानसोपचारतज्ज्ञ वगैरे. सादातबद्दलचा निष्कर्ष साधारण असा की या माणसाला इतिहासात नाव हवंय, त्याला मोठं चित्र दाखवा, बारीकसारीक गोष्टींत तो स्वतः अडकत नाही. बेगिन बरोबर उलटे. शिक्षणाने वकील, शब्दाशब्दावर अडणारे, आणि दाबलं की अजून ताठ होणारे. आता वाचताना वाटतं यात काय विशेष, हे तर बाहेरून बघूनही कळलं असतं. पण देशाचा अध्यक्ष सुट्टीत बसून समोरच्याचा स्वभाव वाचतोय, त्याची नोंद ठेवतोय, हे मला फार वेगळं वाटलं. आपल्याकडे आपण समजतो की वाटाघाटी म्हणजे नकाशे, फायली आणि सैन्य किती.

कार्टरचं आणि आमच्या भागाचं एक नातं आहे, ते इथे सांगायला काही कारण नाही पण राहवत नाही. त्यांची आई, लिलियन कार्टर, नर्स होत्या, त्या वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकेच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि १९६६ ते ६८ या काळात आपल्या विक्रोळीला गोदरेज कॉलनीत दवाखान्याचं, कुटुंबनियोजनाचं काम करत होत्या. म्हाताऱ्या बाईने, तेही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका खेडेगावातून उठून, कुष्ठरोग्यांनाही हात लावून तपासलं. विक्रोळी स्टेशनवर लोकलमधून उतरताना गर्दीत चेंगरत असताना मला हल्ली ही बाई आठवते. मुलात थोडी आई उतरली असेल, थोडा नेव्हीतला इंजिनीअर. हे मिश्रण त्या तेरा दिवसांत सारखं दिसत राहतं, एकीकडे देवाची प्रार्थना, दुसरीकडे पिवळ्या कागदाच्या पॅडवर स्वतःच्या हाताने सिनाईच्या, म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्राएलने घेतलेल्या इजिप्तच्या वाळवंटाच्या, कराराचा मसुदा. अमेरिकेचा अध्यक्ष, सैन्य कुठवर मागे न्यायचं ते स्वतः लिहितोय! दुसऱ्या कुणी हे काम हाताखालच्या माणसाला दिलं असतं.

कॅम्प डेव्हिड म्हणजे मेरीलँडच्या डोंगरात झाडीत लपलेली लाकडी घरं, घरांना झाडांची नावं. कार्टर अ‍ॅस्पेनमध्ये, सादात डॉगवुडमध्ये, बेगिन बर्चमध्ये, सगळं चालत जायच्या अंतरावर. पत्रकार बाहेर. कार्टर विटक्या जीन्समध्ये सायकल मारत फिरायचे. सादात झकपक स्पोर्टी कपड्यांत, तोंडात पाइप, ठरलेल्या वेळी ठरलेली लांब फेरी, पुदिन्याचा चहा, स्वतःचा आचारी. आणि बेगिन त्या जंगलातही सूट आणि टाय. हा माणूस इस्राएलसाठीच्या लढ्याच्या काळात इंग्रजांना हवा असलेला भूमिगत लढवय्या, सोव्हिएत छावणीत राहून आलेला, त्याला गबाळं दिसून चालतच नव्हतं. मला त्या सूटटायबद्दल का कोण जाणे जरा माया वाटते. आपल्याकडेही जुन्या पिढीतली माणसं बँकेत पासबुक भरायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायची.

बेगिनबद्दलचा अजून एक प्रसंग आहे, तो फोटोंच्या किश्श्यापेक्षा मला जास्त आवडतो. कार्टरचे सुरक्षा सल्लागार ब्रझेझिन्स्की, हे मूळचे पोलंडचे, आणि बेगिनही पोलंडमध्ये शिकलेले. दोघे बुद्धिबळ खेळायला बसले. बेगिननी सांगितलं की शेवटचा डाव १९४० साली व्हिल्नाला खेळत होतो, तेव्हा सोव्हिएत पोलीस येऊन मला धरून घेऊन गेले, त्यानंतर पटाला हात लावला नाही. केवढा भारी क्षण. समोरचा जरा गंभीर झालाच असणार. तेवढ्यात बेगिनच्या बायको अलिझा आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या की मेनाखेमला बुद्धिबळ म्हणजे जीव की प्राण. मी हे वाचून एकटीच हसत बसले. म्हणजे नातवंडांच्या फोटोंनी हेलावणारा माणूस स्वतःही काही कमी नव्हता, भावनेचा डाव त्यालाही टाकता येत होता. कदाचित कार्टरहून चांगला. आणि तरी १९४० ची अटक खोटी नव्हती. खरी जखम पण डावात वापरलेली. हे कळल्यावर माझा माया की कावा हा प्रश्न जरा ढिला पडला.

कार्टरचा पहिला अंदाज साफ चुकला. त्यांना वाटलं, शांत जागा, चांगली हवा, दोन शहाणी माणसं, समोरासमोर बसवली की एकमेकांवर विश्वास बसेल. सादातनी आल्या आल्या एक कडक मसुदा वाचून दाखवला, सगळा प्रदेश परत द्या, नुकसानभरपाई द्या वगैरे. वातावरण इतकं ताणलं की कार्टर बेगिनना गमतीने म्हणाले, तुम्ही यावर आहे तशी सही केलीत तर आपला सगळ्यांचा बराच वेळ वाचेल. हसले सगळे. पण दुसऱ्या दिवशी बेगिन तो मसुदा ओळ न् ओळ फाडायला बसले आणि मग जे झालं ते झालं. आवाज चढले, सादात टेबलावर हात आपटतायत, बेगिन मुद्दे काढतायत, शेवटी दोघं उठून निघाले तेव्हा कार्टर दारात आडवे उभे राहिले. अक्षरशः दारात. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत ही दोन माणसं बोलणीसाठी एकत्र बसली नाहीत. मधे एकदा सगळ्यांना अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची रणभूमी बघायला नेलं, तिथेही अट होती की कामाचं बोलायचं नाही. तिथे बेगिननी लिंकनचं ते प्रसिद्ध भाषण तोंडपाठ म्हणून दाखवलं. शब्द हाच ज्याचा जीव त्याने आणखी काय करावं.

इथून पुढे जे कार्टरनी केलं ती खरी अक्कल. त्यांच्या लक्षात आलं की दोन गटांची रचनाच उलटी आहे. इस्राएलच्या गटात सगळ्यात ताठ बेगिन, आणि त्यांच्या हाताखालची माणसं म्हणजे परराष्ट्रमंत्री मोशे दायान, संरक्षणमंत्री एझर वाइझमन, अहरोन बराक, ही तुलनेने मऊ. वाइझमन तर एकेकाळचे कट्टर, पण सुएझ कालव्यावरच्या लढाईत मुलाला इजिप्तच्या नेमबाजाची गोळी लागून तो जायबंदी झाल्यावर माणूस बदलला, आणि सादातशी त्यांचं छान जमायचं. इजिप्तच्या गटात बरोबर उलट, सगळ्यात मोकळे सादात आणि खालची माणसं कडक. परराष्ट्रमंत्री कामेल तर शेवटी तिथेच राजीनामा देऊन बसले, आणि त्यांच्या आधीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दहा महिन्यांपूर्वी सादात जेरुसलेमला गेले म्हणून राजीनामा दिला होता. तर कार्टरनी काय केलं, इस्राएलकडच्या कामासाठी ते बराकना धरून बसायला लागले (हे बराक म्हणजे कायदेतज्ज्ञ, पुढे सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष झाले ते, नाहीतर बराक नावाने नुसता घोळ होतो) आणि इजिप्तकडचं काही अडलं की सल्लागारांना वळसा घालून सरळ सादातकडे. एकच मसुदा अमेरिकेच्या हातात, तो या घरातून त्या घरात, खाडाखोड करत करत वीसाहून जास्त वेळा. कुणी स्वतःचा कागद पुढे करायचा नाही, याच कागदावर काय नको ते सांगायचं.

हे वाचताना मला आमच्या गावच्या वाटणीतले आत्याचे यजमान आठवले, त्यांना सगळे भाऊराव म्हणायचे. थोरल्या काकांना सगळं कागदावर हवं असायचं, बांध कुठून, आंब्याची झाडं किती, पाटाच्या पाण्याची पाळी कोणत्या वारी कुणाची, सातबाऱ्यावर काय लागणार. धाकटे काका म्हणायचे, दादा तू म्हणशील ते, पण विहिरीचा विषय निघाला की जेवणाच्या ताटावरून उठायचे. भाऊरावांनी या दोघांना एका ओसरीवर बसवलंच नाही. थोरल्यांचं सगळं ते त्यांच्या मुलाशी बोलायचे, आणि धाकट्यांशी स्वतः, तेही संध्याकाळी गोठ्यात, धारा काढताना. मी लहान होते, मला वाटायचं भाऊराव किती लबाड आहेत, प्रत्येकाशी वेगळं बोलतात. आता वाटतं तसं नव्हतं, ते प्रत्येकाशी वेगळ्या भाषेत तेच बोलत होते. बहुतेक.

सादातची विहीर म्हणजे सिनाई. त्यांनी कार्टरना सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की जमीन आणि सार्वभौमत्व सोडून बाकी तू म्हणशील तसं. एवढा विश्वास म्हणजे ओझंच खरं. आणि हा विश्वास पणाला लागला शुक्रवारी, १५ तारखेला. आदल्या दिवशी दायान आणि सादात यांची भेट वाईट झाली होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री व्हान्स पांढऱ्याफटक चेहऱ्याने कार्टरकडे आले, की सादात निघाले, बॅगा भरल्या, हेलिकॉप्टर मागितलंय. कार्टर थोडा वेळ खिडकीतून डोंगराकडे बघत उभे राहिले, प्रार्थना केली, आणि मग कपडे बदलले. हा तपशील मला फार आवडतो. ते साधे कपडे उतरवून नीट औपचारिक पोशाख चढवून गेले. बेगिनचा सूट आठवा. कधी कोणते कपडे घालायचे हे कळणं हाही स्वभाव वाचण्यातलाच प्रकार. तिथे जाऊन त्यांनी सादातना आवाज न चढवता सांगितलं की तुम्ही गेलात तर दोन देशांचं नातं संपेल, तुम्ही मला दिलेला शब्द मोडेल आणि आपली मैत्री संपेल. राष्ट्रप्रमुखाला दिलेली धमकी आणि मित्राचं गाऱ्हाणं दोन्ही एकाच दमात.

पण लोक इथेच थांबतात, आणि तो अर्धा भाग झाला. सादात का निघाले होते? त्यांची भीती अगदी व्यवहारी होती. मी इथे सवलती लिहून दिल्या आणि इस्राएलने सही केलीच नाही, तर उद्या पुढच्या बोलणीत ते म्हणणार, सादात एवढ्याला तयार होते, आता इथून पुढे बोलू. कार्टरनी लगेच तोड काढली, दोघांपैकी कुणीही एक भाग जरी नाकारला तर सगळेच प्रस्ताव रद्द, कुणाच्या नावावर काही राहणार नाही, असं पक्कं ठरवून टाकू. सादात थांबले. मैत्रीची आण पोचली हे खरं, पण तिच्याबरोबर पुढे काय करायचं त्याची तोड पण होती. नुसत्या मैत्रीवर तो माणूस थांबला असता का? मला नाही वाटत.

बेगिनचं अडलं होतं इस्राएलने सिनाईत वसवलेल्या ज्यू वस्त्यांवर. एकही वस्ती उठवणाऱ्या कागदावर सही करण्याआधी माझा उजवा हात गळून पडेल अशा अर्थाचं ते ब्रझेझिन्स्कींना फिरता फिरता म्हणाले होते. आता असं बोललेल्या माणसाला मागे कसं आणायचं. एक फोन आला, एरिएल शेरॉन यांचा. वस्त्यांचा बाप म्हणावा असा मंत्री, तो फोनवर म्हणाला की लष्करी दृष्टीने मला वस्त्या सोडायला हरकत दिसत नाही. हा फोन इस्राएलच्या गटातल्याच माणसांनी घडवून आणला होता. आणि मग वाट निघाली ती अशी की बेगिन वस्त्या उठवणार नाहीत, बेगिन फक्त प्रश्न संसदेपुढे ठेवतील. हात गळला नाही, शपथ मोडली नाही, लोकशाहीने ठरवलं. २८ सप्टेंबरला क्नेसेटमध्ये ८४ विरुद्ध १९ मतांनी ठराव पास झाला, १७ तटस्थ, आणि विरोधात आणि तटस्थांत बेगिनच्या बाजूचीच मोठी माणसं. कायद्याच्या माणसाला कायद्यानेच बाहेर पडायला दार मिळालं. सादातना हेच दार दाखवलं असतं तर ते अपमान झाला म्हणून निघून गेले असते.

माझा भाचा राज्यशास्त्रात एमए करतोय, त्याला हे सगळं सांगितलं तर तो जरा कनवाळूपणे हसला. म्हणाला, मावशी, स्वभाव बिभाव ठीक आहे, पण मुळात इजिप्तला सिनाई हवं होतं आणि इस्राएलला सगळ्यात मोठा शत्रू लढाईतून बाहेर काढायचा होता, अमेरिकेला रशियाला लांब ठेवायचं होतं, तिघांचा फायदा होता म्हणून झालं. स्वभावाच्या गोष्टी पुस्तकं खपायला. मी गप्प बसले कारण मुद्दा खरा आहे. सिनाई वाळवंट आहे, त्याच्या बदल्यात शांतता मिळते हा सौदा बसण्यासारखा होता. पण बसण्यासारखे सौदे न बसल्याची उदाहरणं काय कमी आहेत? तीच जागा, तीच लाकडी घरं, जुलै २००० मध्ये क्लिंटननी इस्राएलचे पंतप्रधान एहुद बराक (हे दुसरे बराक, सांगितलं ना घोळ होतो) आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांना बोलावलं. त्याचा एक व्हिडिओ आहे, दारातून आधी कुणी आत जायचं यावरून बराक आणि अराफात एकमेकांना आधी तुम्ही आधी तुम्ही करत ढकलतायत, क्लिंटन हसतायत, खेळीमेळी. आणि आत गेल्यावर बराक अराफातशी एकट्याने बोलायला फारसे तयारच नव्हते. दोन आठवडे राहून हात हलवत परत. अर्थात २००० ला प्रश्न सिनाईचा नव्हता, जेरुसलेमचा आणि निर्वासितांचा होता, तिथे कार्टर सायकलवर असते तरी काय झालं असतं सांगता येत नाही. भाच्याला एवढं कबूल करून टाकते.

मात्र एक गोष्ट तोही मान्य करेल. स्वभाव जुळवून केलेल्या सौद्यात, खोलीत जो नाही त्याचा स्वभाव कुणी वाचत नाही. कॅम्प डेव्हिडमध्ये दोन कागद झाले. सिनाईचा कागद पक्का, तारखा, रेषा, किलोमीटर, त्यातून २६ मार्च १९७९ चा तह झाला आणि एप्रिल १९८२ पर्यंत टाबा नावाचा छोटासा तुकडा सोडून बाकी सगळं सिनाई परत गेलं. दुसरा कागद इस्राएलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक आणि गाझाचा, पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेचा, तो मोघम, आणि त्या तेरा दिवसांत त्या जंगलात एकही पॅलेस्टिनी माणूस नव्हता. सादातना मोठं चित्र हवं होतं, त्यांनी मोघम शब्द चालवून घेतले. बेगिनना मोघम शब्दांची किंमत बरोबर कळत होती. सादातनी किंमत मोजली ती वेगळीच. अरब लीगने इजिप्तला बाहेर काढलं, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला संचलन बघताना त्यांना त्यांच्याच सैन्यातल्या लोकांनी गोळ्या घातल्या. आणि तरी तो तह मोडला नाही. अलिबाग, रेवदंडा सोडून इस्राएलला गेलेली, घरात अजून मराठी बोलणारी बेने इस्राएल ज्यू कुटुंबं दिमोना, बीरशेबा अशा दक्षिणेकडच्या गावांत राहतात, त्यांची पोरं लष्करी सेवेत जातात. इजिप्तच्या सीमेवर लढाई नाही याचा अर्थ त्या घरांतल्या आयांना विचारावा. आणि वेस्ट बँकमधल्या आयांना दुसऱ्या कागदाचा अर्थ.

आता फोटो. मी जेव्हा नीट वाचलं तेव्हा दिसलं की त्या रविवारी बेगिन चिडले होते ते एका पत्रावरून. अमेरिका जेरुसलेमबद्दलची स्वतःची भूमिका पत्रात लिहून सादातना देणार होती, आणि ती भूमिका इस्राएलला डाचणारी होती. कार्टर फोटो घेऊन गेले ते खरं, डोळे भरले तेही खरं. पण त्याच भेटीत त्यांनी हेही सांगितलं की पत्राचा मजकूर मी बदललाय, बघून घ्या. नव्या मजकुरात भूमिका उतरवून काढलेलीच नाही, एवढंच म्हटलंय की आमची भूमिका आमच्या राजदूतांनी संयुक्त राष्ट्रांत पूर्वी मांडली तीच आहे. भूमिका तसूभर बदलली नाही, फक्त ती बेगिनच्या डोळ्यांपुढे नव्हती. रडलेला बेगिन आणि वकील बेगिन हे दोघेही एकाच वेळी त्या खोलीत होते आणि कार्टरनी दोघांसाठी काहीतरी नेलं होतं. लेखांमध्ये फोटो तेवढे राहिले, पत्र गळलं. साहजिक आहे म्हणा, मजकुराची दुरुस्ती कोण शेअर करणार.

आणि गंमत बघा, एवढा सगळा गृहपाठ केलेला माणूस घसरला तो नेमका कागदावरच. आदल्या रात्री, शनिवारी, अ‍ॅस्पेनमध्ये मध्यरात्रीपर्यंत बैठक चालली. एका बाजूला कार्टर आणि व्हान्स, दुसऱ्या बाजूला बेगिन, दायान, बराक. विषय वेस्ट बँकमधल्या नव्या वस्त्या थांबवायचा. कार्टर उठले ते या समजुतीने की स्वायत्ततेची बोलणी संपेपर्यंत नव्या वस्त्या होणार नाहीत असा शब्द मिळाला, बेगिन उद्या तसं पत्र देतील. रविवारी पत्र आलं. त्यात वस्त्या थांबवायची मुदत इजिप्तबरोबरच्या तहाच्या बोलणीला जोडलेली, म्हणजे तीन महिने. कार्टरनी हे ठरलं नव्हतं म्हणून पत्र परत पाठवलं. आणि तेवढ्यावर सोडलं. संध्याकाळ होत आली होती, जेरुसलेमचं नुकतं मिटलं होतं, हेलिकॉप्टर तयार होती, सगळे थकलेले.

आपल्याकडे शिमल्याचं असंच म्हणतात. १९७२ च्या जुलैत इंदिराबाई आणि भुट्टो यांची बोलणी मोडल्यात जमा असताना शेवटच्या संध्याकाळी दोघं बोलली आणि मध्यरात्र उलटून सह्या झाल्या. ९३,००० युद्धकैदी आपल्याकडे, आणि बोलायला भुट्टो, शब्दांचा जादूगार, समोर इंदिराबाई, ज्या बोलण्यापेक्षा गप्प राहूनच समोरच्याला बेजार करायच्या. ताबारेषा हळूहळू सीमा होऊ द्यायची असं भुट्टोंनी तोंडी कबूल केलं होतं असं इंदिराबाईंचे सचिव पी. एन. धर यांनी नंतर लिहिलं, पाकिस्तान म्हणतं असं काही ठरलंच नव्हतं. भुट्टो म्हणाले असतीलही, मला कसं सांगता येणार. पण भुट्टोंसारख्या माणसाचा तोंडी शब्द धरून चालणं एकवेळ समजू शकते, ते बोलण्यावरच जगायचे, भुरळ पडत असणार. बेगिनच्या बाबतीत तसं नाही. बेगिन लिहिलेलं पाळायचे. सिनाईतल्या वस्त्या त्यांनीच, स्वतःच्या लोकांना सैनिकांकरवी उचलून, १९८२ मध्ये रिकाम्या केल्या, कारण तसं लिहिलं होतं. याची टिपणं सुट्टीत वाचून आलेल्या कार्टरनी तोंडी शब्दावर सही होऊ दिली. पुढे आयुष्यभर ते म्हणत राहिले की बेगिननी शब्द फिरवला, आणि बेगिन म्हणत राहिले मी तीन महिनेच म्हणालो होतो. त्या रात्री खोलीत असलेल्या बाकीच्यांच्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत. तीन महिने झाले आणि वस्त्यांचं काम परत सुरू झालं.